माइनक्राफ्ट सर्व्हर बाहेरून दिसत नसेल तर आधी वॅन आयपी बघा

राउटरवर माइनक्राफ्टचा २५५६५ पोर्ट फॉरवर्ड केलाय, म्हणजे बाहेरून येणारं कनेक्शन सर्व्हरच्या कॉम्प्युटरकडे वळवलंय, फायरवॉलपण बंद करून बघितली तरी मित्रांना कनेक्ट होत नाही म्हणताय, तर तोच रूल परत परत टाकत बसू नका, राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला इंटरनेटच्या बाजूने मिळालेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच पब्लिक आयपी कितीतरी घरांत वाटलेला, मग राउटरवर काहीही करा, पॅकेट तुमच्यापर्यंत येतच नाही. आयएसपीकडे (इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे) स्वतःचा पब्लिक आयपी मागा, बऱ्याचदा वेगळे पैसे लावतात. १९२.१६८ दिसला तर बहुतेक फायबरचा डबाच राउटर बनून बसलाय, तो ब्रिज मोडला टाका, म्हणजे राउटरचं काम फक्त तुमचा राउटरच करेल. आणि पोर्ट उघडा आहे का हे टेस्ट करताना सर्व्हर चालू ठेवा, नाहीतर पोर्ट क्लोज्डच दाखवणार. फायरवॉल मात्र परत चालू करा राव, नुसता जावाला (सर्व्हर ज्यावर चालतो तो प्रोग्राम) अलाव दिला तरी पुरतं.