न्यायमूर्तींना निवडतं कोण, आणि जाब विचारायचा कुणी?

रामबागकर, इंदूर:
मध्य प्रदेश हायकोर्टाच्या आमच्या इंदूर खंडपीठातले एक न्यायमूर्ती या आठवड्यात निवृत्त झाले, वय ६२. आईच्या फॅमिली पेन्शनचा निकाल त्यांचाच. नऊ वर्षं फाइल खात्यात फिरली, दोन आमदारांची पत्रं जोडली, काही हललं नाही. साहेबांनी बाबांचं सर्व्हिस बुक मागवलं, पिवळं पडलेलं एक पान बोटाने धरून सरकारी वकिलांना विचारलं, "ही सही कुणाची?" दहा मिनिटांत आदेश. आई एम. जी. रोडवर, कोर्टाच्या पायरीशी बसून रडली.
तरी मनात सलतंय. याच हायकोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइडचा विषारी कचरा चार आठवड्यांत हलवायला सांगितलं आणि ३३७ टन इथे जवळच पीथमपूरला जाळायला आला. माझी बहीण तिथे राहते. आमदाराला मत मागायला दारात यावं लागतं. न्यायमूर्तींना निवडलं कोणी? चुकले तर विचारायचं कोणी?

वकील, ग्वाल्हेर:
ताई, निकाल चुकला तर वर सुप्रीम कोर्ट आहे. माणूस हटवायचा तर महाभियोग. त्या वाटेने आजवर एकही न्यायमूर्ती हटलेला नाही. नेमणुका कॉलेजियमच्या, म्हणजे ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या गटाच्या हातात. त्याऐवजी संसदेने आणलेला नेमणूक आयोग २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानेच रद्द केला. न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडावेत हे मला वकील असूनही पटत नाही.
पण सरकारच्या हाती द्यायलाही भीती वाटते. आणीबाणीत आपल्या जबलपूरच्या हायकोर्टाने स्थानबद्धांचे अर्ज ऐकता येतात असं ठरवलं. १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं, विरोधात एकटे न्या. खन्ना. पुढच्याच वर्षी त्यांना डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं.

सुदामानगर, इंदूर:
पीथमपूरच्या मोर्चात मीही होतो. १२ कंटेनर आले तेव्हा पोटात गोळाच आला. पण निवडून आलेल्यांनी तो कचरा चाळीस वर्षं तसाच पडू दिला, हेही विसरू नका. लोक पेटल्यावर कोर्टानेच विल्हेवाटीला सहा आठवडे वाढवून दिले.

रामबागकर, इंदूर:
दोघांचंही पटलं. बहिणीला मात्र अजून नळाचं पाणी भरताना धाकधूक वाटते.
काल आईचा आदेश पुन्हा काढून वाचला. अकरा पानं. पेन्शन का द्यायची, खात्याचं कुठे चुकलं, ओळीओळीला कारण. मग अमुक माणूस न्यायमूर्ती का झाला आणि तमुक का नाही, याचीही अशीच कारणं लिहून लोकांपुढे ठेवायला काय हरकत आहे? वकीलसाहेब, अशी मागणी करायची तर अर्ज कुणाकडे द्यायचा?