मदत हवी: बिनस्टॉल घालूनसुद्धा तीन-तीन तास कंपाइलच होऊलंय, रविवारच्या आत पाहिजे

येळ्ळूरचा_पोर (गुरुवार, रात्री ९:४०)
नमस्कार मंडळी. वेळ नाही, सरळ सांगतो. एमडीबुक (साध्या मजकुरातून पुस्तकासारखी वेबपानं करणारा प्रोग्राम) घालायचंय. कार्गो (रस्ट भाषेतले प्रोग्राम घालायचं साधन) इन्स्टॉल केलं की सगळा सोर्स उतरवून कंपाइल करत, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बनवत, बसतंय, म्हणून मित्र म्हणाला कार्गो बिनस्टॉल वापर, ते तयार बायनरी, म्हणजे आधीच बनवलेला प्रोग्राम, आणून ठेवतंय, दहा सेकंदांचं काम. कसले दहा सेकंद! चालवलं, पिवळ्या अक्षरात काहीतरी आलं, येस दाबलं, आणि परत तेच कंपायलिंग, कंपायलिंग. काल पावणेतीन तास चाललं आणि शेवटी 'सिग्नल ९, सिगकिल' म्हणून आडवं झालं. आज परत लावून बसूलोय. मग या बिनस्टॉलचा उपयोग काय ओ? रविवारी सकाळी दाखवायचंय. लवकर सांगा.

जुना_टर्मिनल (९:५२)
मशीन कुठली? ओएस कुठली? रॅम किती? पिवळ्या अक्षरात काय होतं? उत्तर त्या पिवळ्यातच असणार.

येळ्ळूरचा_पोर (९:५५)
लिनक्स आहे. कमांड साधीच, कार्गो बिनस्टॉल एमडीबुक. पिवळं वाचलं नाही, भरभर वर गेलं.

निपाणीकर (१०:०३)
वाचायची गरजच नाही, हे गिटहबच्या (कोड आणि बायनरी ठेवतात ती साइट) मर्यादेमुळे होतं. टोकन (ओळखीची गुप्त किल्ली) नसेल तर त्यांच्या एपीआयला एका आयपीवरून तासाला ६० विनंत्याच चालतात. मोबाइलच्या नेटवर एका आयपीच्या मागे निम्मा गाव असतो, तुझी पाळी येईपर्यंत ६० संपलेल्या. टोकन काढ, गिटहब_टोकन नावाने एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेव, तासाला ५००० होतात. माझं गेल्या वर्षी असंच झालं होतं. आमच्याकडे तर गच्चीवर गेलं की फोन महाराष्ट्राचा टॉवर पकडतो आणि खाली आलं की कर्नाटकाचा, आयपी कुठला हे देवालाच ठाऊक.

चंदगडी_वाघ (१०:१०)
सिगकिल म्हणजे बहुतेक मेमरी संपली. आकडा ९ बघितला की डोळे झाकून स्वॅप (रॅम कमी पडली की मेमरी म्हणून वापरायची डिस्कवरची जागा) वाढवायचं. सोबत कार्गो_बिल्ड_जॉब्स १ ठेव, म्हणजे एका वेळी एकच क्रेट (रस्टच्या कोडचं पॅकेज) कंपाइल होतो. रात्री लावून झोप, सकाळी तयार.

येळ्ळूरचा_पोर (१०:१४)
रात्री लाईट जाते ओ. काल त्या पावणेतीन तासांत दोनदा गेली, इन्व्हर्टरवर काढलं कसंबसं.

बंगळूरस्थ_खानापूरकर (१०:२१)
मला मुळात हा प्रकारच पटत नाही. कोणीतरी कुठेतरी बांधून ठेवलेली बायनरी आणायची आणि आपल्या मशीनवर चालवायची? सोर्समधून कंपाइल करणं हाच शहाणपणाचा मार्ग. वेळ लागतो तर लागू दे.

जुना_टर्मिनल (१०:२६)
खानापूरकर, कंपाइल करताना जे शेकडो क्रेट उतरतात ते तुम्ही एकेक वाचून मग एंटर मारता का? आणि बिनस्टॉलमध्ये मिनिसाइन सहीची सोय आहे. लेखकाने सही करून ठेवलेली असेल तर ते तपासतं.

बंगळूरस्थ_खानापूरकर (१०:२९)
'असेल तर'. किती जण करतात सही?

जुना_टर्मिनल (१०:३१)
तो वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला. इथे पोराला रविवार गाठायचाय. येळ्ळूरकर, परत विचारतो: मशीन कुठली?

येळ्ळूरचा_पोर (१०:३८)
रास्पबेरी पाय ४ (छोटासा संगणक), १ जीबीवाला. सांगितलं नव्हतं काय? आमच्या गावच्या वाचनालयात टीव्हीला जोडलाय. पुस्तकांची यादी एमडीबुकमध्ये केली आहे, विषयाप्रमाणे प्रकरणं पाडून. रविवारी वर्धापन दिन आहे, अध्यक्षांनी आमंत्रणपत्रिकेत 'संगणकीकृत ग्रंथसूचीचे उद्घाटन' असं छापूनच टाकलंय. मला न विचारता.

चंदगडी_वाघ (१०:४०)
पाय! मग तर स्वॅपच. डीफिस-स्वॅपफाइलच्या कॉन्फमध्ये स्वॅपचा आकडा एमबीत लिहिलेला असतो. तो २०४८ कर.

निपाणीकर (१०:४४)
एसडी कार्डवर २ जीबी स्वॅप? कार्डाचं श्राद्ध घालायचंय का?

चंदगडी_वाघ (१०:४५)
एका रात्रीत काही मरत नाही कार्ड. माझं चार वर्षं चाललंय.

वडगावचे_काका (१०:५८)
ग्रंथसूची म्हणालात म्हणून सांगतो. यादी जर श्रीलिपीत (युनिकोडच्या आधीचे डीटीपीचे फॉन्ट) टाईप केलेली असेल तर आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर टीव्हीवर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतील. मी तीस वर्षं डीटीपी केलं शहापुरात, लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकापर्यंत. रूपांतर झाल्यावर रफार आणि 'श्र' हाताने तपासा, तिथे हमखास घोळ असतो. आणि पहिल्या पानावर गावाचं नाव कसं लिहिणार, बेळगाव की बेळगावी?

येळ्ळूरचा_पोर (११:०१)
काका, युनिकोडच आहे. मीच टाईप केलंय सगळं.

निपाणीकर (११:०३)
बेळगावच लिही.

बंगळूरस्थ_खानापूरकर (११:०५)
सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी आहे. अनुदानाचा कागद जाणार असेल तर त्यावर तेच लागेल. घरात बेळगाव म्हणायला कुणाची ना आहे?

निपाणीकर (११:०६)
घरात नाही, पाटीवरसुद्धा म्हणायचंय आम्हाला.

व्यवस्थापक (११:१५)
नावाच्या चर्चेला वेगळा धागा आहे, ३४० प्रतिसाद झालेत, तिकडे जा. इथले पुढचे चार प्रतिसाद उडवले आहेत. आणि नेहमीची सूचना: कमांड इथे देवनागरीत लिहिल्या जातात, टर्मिनलमध्ये रोमनमध्येच टाका. मागच्या महिन्यात एकाने देवनागरीत 'सुडो' टाकून अर्धा तास वाट बघितली होती.

जुना_टर्मिनल (११:२०)
येळ्ळूरकर, तीन गोष्टी चालव आणि जसंच्या तसं उत्तर टाक. एक, युनेम हायफन एम. दोन, डीपीकेजी हायफन हायफन प्रिंट-आर्किटेक्चर. तीन, रस्टसी हायफन व्हीव्ही, त्यातली 'होस्ट'ची ओळ.

येळ्ळूरचा_पोर (११:२९)
पहिल्याला एआर्च६४ आलं.

निपाणीकर (११:३१)
बघा, ६४ बिट आहे. एमडीबुकच्या रिलीजमध्ये एआर्च६४ लिनक्सची बायनरी आहे. म्हणजे मी म्हणतो तेच, टोकन.

जुना_टर्मिनल (११:३२)
थांबा हो. उरलेली दोन?

येळ्ळूरचा_पोर (११:३६)
दुसऱ्याला आर्मएचएफ. तिसऱ्यात होस्ट: आर्मव्ही७-अननोन-लिनक्स-जीएनयूईएबीआयएचएफ.

जुना_टर्मिनल (११:५०)
सापडलं. तुझ्या कार्डावर ३२ बिट रास्पबेरी पाय ओएस आहे. पण २०२३ च्या अपडेटपासून पाय ४ वर त्या ३२ बिट ओएसखाली कर्नल (ओएसचा गाभा) मात्र ६४ बिटचा चालू होतो. म्हणून युनेमला विचारलं तर तो कर्नलचं सांगतो, एआर्च६४, आणि डीपीकेजी वरच्या सगळ्या सामानाचं सांगतो, आर्मएचएफ, म्हणजे ३२ बिट. जोतं दगडी, वरच्या भिंती मातीच्या. रस्टअपने (रस्ट घालणारं साधन) भिंती बघून आर्मव्ही७, म्हणजे ३२ बिट, धरलं, त्याचं बरोबरच आहे.

आता बिनस्टॉल काय करतं बघ. आधी त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या रिलीजमध्ये तुझ्या होस्टची (मशीन आणि ओएसच्या जातीची) बायनरी शोधतं. एमडीबुकवाले आर्मव्ही७ची देत नाहीत. मग क्विकइन्स्टॉलच्या (दुसऱ्यांनी बांधून ठेवलेल्या बायनरींच्या) साठ्यात बघतं. तिथेही हवी ती नाही मिळाली की गपचूप कार्गो इन्स्टॉलवर येतं, म्हणजे कंपाइल. गपचूप म्हणजे अगदी गपचूप नाही, पिवळ्या अक्षरात विचारतं, सोर्समधून घालू का म्हणून. तू येस दाबलंस. १ जीबीत चार कोअरवर चार रस्टसी (रस्टचा कंपायलर) उठले, मेमरी संपली, कर्नलने मारलं. टोकनचा इथे संबंध नाही.

उपाय: एमडीबुकची एआर्च६४ बायनरी मस्लवाली आहे, म्हणजे सगळं पोटात घेऊन येते, तुझ्या ३२ बिट जीलिबसीला (ओएसच्या मूळ लायब्ररीला) विचारत नाही. कर्नल ६४ बिटचा आहेच, तो चालवेल. तर:
कार्गो बिनस्टॉल हायफन हायफन टार्गेट्स एआर्च६४-अननोन-लिनक्स-मस्ल हायफन हायफन डिसेबल-स्ट्रॅटेजीज कंपाइल एमडीबुक
शेवटचं डिसेबल विसरू नकोस. बायनरी नाही मिळाली तर ते सरळ नाही म्हणेल, परत तीन तास बसवणार नाही.

निपाणीकर (११:५५)
तरी टोकन असलेलं बरं.

चंदगडी_वाघ (११:५७)
इतका द्राविडी प्राणायाम कशाला? ६४ बिट ओएस टाक नवीन. तोपर्यंत स्वॅप.

हिंडलग्याची_अक्का (शुक्रवार, सकाळी ६:४८)
सगळा धागा वाचला. एक साधं विचारू का? एमडीबुक पायवर कशाला पाहिजे? ते मार्कडाऊनची (साध्या खुणा घालून लिहिलेल्या मजकुराची) एचटीएमएल पानं करून देतं आणि त्याचं काम संपतं. टीव्हीवर नुसता ब्राउझर लागतो. घरात कुणाचा लॅपटॉप असेल तर त्यावर बिल्ड मार, 'बुक' नावाचं फोल्डर तयार होईल, ते पेन ड्राइव्हवरून पायमध्ये टाक. विंडोजचीसुद्धा तयार बायनरी मिळते. आमच्या शाळेची पुस्तिका मी अशीच करते.

येळ्ळूरचा_पोर (७:३०)
अक्का, लॅपटॉप बहिणीचा आहे, ती हात लावू देत नाही. आणि दर आठवड्याला नवीन पुस्तकं येतात, ग्रंथपाल मामा तिथल्या तिथे यादीत घालणार म्हणतात. म्हणून पायवरच पाहिजे.

हिंडलग्याची_अक्का (७:३४)
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं की रे बाळ.

येळ्ळूरचा_पोर (शुक्रवार, संध्याकाळी ७:१२)
झालं!! टर्मिनल दादांची कमांड टाकली, ११ सेकंद. मी मोजले. पहिल्यांदा 'कमांड सापडली नाही' आलं, कारण होममधल्या डॉट कार्गोमधलं बिन पाथमध्ये (कमांड शोधायच्या जागांच्या यादीत) नव्हतं, ते घातलं आणि चाललं. आता मामांना मार्कडाऊन शिकवूलोय. ते प्रत्येक ओळीच्या शेवटी दंड देऊलेत, चालतंय म्हणा. बुक.टॉमलमध्ये लँग्वेज 'एमआर' केली. निपाणीकर, टोकनपण काढून ठेवलंय, रागावू नका.

वडगावचे_काका (८:०५)
अभिनंदन. 'श्र' तपासलात का?

येळ्ळूरचा_पोर (८:०९)
तपासला काका. पण टीव्ही दहा मिनिटांनी काळा होतोय. काय करायचं?

जुना_टर्मिनल (८:११)
नवीन धागा. आणि त्यात पहिल्या ओळीत मशीन लिही.

चंदगडी_वाघ (९:४०)
स्वॅप किती ठेवलास मग शेवटी?