मदत हवी आहे : बॉइंकला किती प्रोसेसर द्यावा?

नमस्कार मंडळी. घरच्या कॉम्प्युटरवर मी बॉइंक (घरोघरच्या कॉम्प्युटरची रिकामी ताकद विज्ञान प्रकल्पांना देणारं सॉफ्टवेअर) चालवतो, आइनस्टाइन ॲट होम या खगोल प्रकल्पासाठी. आपल्या मशीनची रिकामी ताकद पल्सार (ठराविक लयीत किरण सोडणारे, वेगाने फिरणारे मृत तारे) शोधायला उपयोगी पडते, याचं मला फार अप्रूप आहे. त्यामुळे 'काढून टाका' हा सल्ला कृपया नको.

राहतो नाशिकला, सिडकोत, वरच्या मजल्यावर. एप्रिलच्या दुपारी स्लॅब तापतो, त्यात आठही थ्रेड (प्रोसेसरवर एकाच वेळी काम चालवायच्या वाटा) पूर्ण चालले की प्रोसेसर ९० अंशांच्या आसपास जातो. शेजारच्याच टेबलावर मुलगी अभ्यासाला बसते.

सेटिंगमध्ये दोन आकडे आहेत: किती टक्के सीपीयू (म्हणजे आठपैकी किती थ्रेड) वापरायचे आणि किती टक्के वेळ वापरायचे. वेळ ५० टक्के केली तर काम थांबत-सुरू होत राहतं. पंखा घोंघावतो, दबतो, परत घोंघावतो. सलग आवाजापेक्षा हे जास्त छळतं. म्हणून वेळ १०० आणि सीपीयू ५० टक्के ठेवले. पंखा एकसुरी झाला, पण तापमान अपेक्षेइतकं उतरलं नाही. कमी कोअर कामात असले की टर्बो बूस्ट (प्रोसेसरने आपोआप वेग वाढवायची सोय) जास्त वेग घेतो, त्यामुळे असावं.

विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये कमाल प्रोसेसर ९९ टक्के करून टर्बो बंद करता येतो. उन्हाळाभर असं कोणी चालवलंय का? किती अंशांचा फरक पडला?

दुसरं, फक्त रात्री चालवलं तर प्रकल्पाकडून आलेली कामं पूर्ण करून पाठवायची मुदत सांभाळली जाते का? आणि थांबवलेलं काम मेमरीत ठेवायचा पर्याय ८ जीबी रॅमवर चालू ठेवावा का? अनुभव असेल त्यांनी जरूर सांगा.