मारिओ मिरांडांच्या चित्रांवर कविता स्पर्धा : चित्र झाकलं तर कविता उभी राहायला हवी की नको?

निळीशाई :
आमच्या इथल्या एका वाचनालयानं गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या जन्मशताब्दीनिमित्त (जन्म 1926चा, गेले 2011ला) कविता स्पर्धा काढलीय. तीन रेखाटनं दिलीत, एक निवडायचं, वीस ओळींची मर्यादा, आणि निवडक कविता चित्राशेजारी लावणार. कल्पना मनापासून आवडली. पण परीक्षकांनी कविता आधी चित्राशिवाय वाचावी असं मला ठाम वाटतं. चित्र झाकल्यावर जी कोसळते ती कविता नव्हेच, ते वर्णन. त्यातून मारिओंचं चित्र म्हणजे आधीच गच्च भरलेलं. दिलेल्यातलं फेस्ताचं, म्हणजे चर्चच्या जत्रेचं, चित्र बघा, मागे चर्च, पुढे बँडवाले, खाज्यांचं दुकान, छत्री धरलेली म्हातारी, सगळ्यांच्या पायात घुटमळणारं कुत्रं. बहुतेक जण हीच यादी यमक जुळवून पाठवणार. त्या म्हातारीला घरी जाऊन कोणासाठी स्वयंपाक करायचाय ते चित्रात नाहीये, ते लिहा ना!

अनंत_फोंडा :
नाही पटलं. चित्र झाकायचंच असेल तर मग मारिओ कशाला, "फेस्त" असा विषय देऊन मोकळं व्हा की. आपल्याकडे रागमाला चित्रं होती, एकेका रागावरची जुनी लघुचित्रं, वरच्या पट्टीत दोहा आणि खाली नायिका, मोर, ढग. दोन्ही मिळून एकच वस्तू, त्यातला दोहा सुटा काढून "हा एकटा उभा राहतो का" असं कोणी विचारत बसलं नाही. दिवाळी अंकात इतकी वर्षं कवितेशेजारी रेखाटन छापतात, तेव्हा चित्रकार कवीच्या मागून चालतो ते चालतं, मग एकदा कवी चित्रकाराच्या मागून चालला तर कुठं बिघडलं?

कुलाबा_लोकल :
निळीशाई, तुमचा मुद्दा बरोबर आहे पण खरी भीती वेगळी आहे. मारिओ म्हटलं की लोकांना फक्त गोवा आठवतो, तोही कॉफीच्या मगावरचा नि टी-शर्टवरचा. बाल्कांव (घरापुढची बसायची ओसरी), फेणी, गिटार, संपलं. अरे माणूस मुंबईच्या झेवियर्स कॉलेजात शिकला, मुंबईच्या वर्तमानपत्रांत नि साप्ताहिकांत वर्षानुवर्षं काम केलं, मिस फोन्सेका आणि मिस निंबूपाणी ही पात्रं तिथलीच. कुलाब्याच्या मोंडेगार कॅफेमध्ये बसलात तर भिंतभर त्यांचीच माणसं असतात, आणि खाली टेबलांवर बसलेली गिऱ्हाइकं अगदी तशीच दिसतात. तीनपैकी एक तरी चित्र मुंबईचं हवं होतं, नाहीतर सगळ्या कविता "हरवलेलं गाव" छापाच्या येणार बघा.

सालसेतची_लेक :
कुलाबावाले, हरवलेलं गाव तुमच्यासाठी छाप असेल हो, आम्ही तिथेच राहतो. गोव्यातल्या लोटली गावच्या घराच्या भिंतींवर चित्रं काढतो म्हणून आईनं लहानग्या मारिओला कोरी वही आणून दिली, त्यातून पुढे त्यांच्या डायऱ्या झाल्या. गावातलं लग्न, मयत, पाद्री, बाजार, जे दिसलं ते काढलं. ती मगावरची सजावट नव्हती, शेजाऱ्यांची रोजची नोंद होती. त्या माणसांवर कोणी साधं वर्णन लिहिलं तरी मला ते वाचायचंय, कारण अर्ध्या घरांना आता कुलूप आहे आणि मुलं लिस्बन-लंडनला. आणि एक मागणी, कोकणी कविता पण घ्या. ती चित्रातली माणसं आपसात कोकणीच बोलत असणार, त्यांच्यावर फक्त मराठीतच लिहा हा नियम मला खुपला. मी स्वतः दोन्ही भाषांत लिहिते, भांडण लावायला म्हणत नाहीये.

अनंत_फोंडा :
ताई, कोकणीबद्दल शंभर टक्के. परीक्षकात मात्र कोकणी जाणणारा एक तरी पाहिजे, नाहीतर नुसतं "घेतल्या" म्हणायला घेतल्या असं होईल.

कागदपत्रं :
मधेच येतोय पण महत्त्वाचं आहे. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे मारिओंच्या चित्रांवर 2071 संपेपर्यंत. कविता लिहायला कोणाची परवानगी लागत नाही, पण चित्र प्रदर्शनात मोठं करून लावणं, पुस्तिकेत छापणं, व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्टर फिरवणं याला हक्कधारकांची लेखी परवानगी घ्या. वाचनालयाला आत्ताच सांगा, छपाई झाल्यावर नको.

निळीशाई :
कागदपत्रं, थँक्यू, उद्याच विचारते. अनंत, रागमालेचं उदाहरण चांगलं आहे पण तिथं रागाची कल्पना चित्राच्या आधीपासून होती, दोहा आणि चित्र दोघंही तिसऱ्याच गोष्टीकडे बघत होते. इथे कवीसमोर फक्त चित्र आहे, म्हणून ते नुसतं उतरवून काढायचा मोह जास्त. सालसेतची_लेक, तुमच्या त्या कुलूपबंद घरांचं वाचून वाटलं, हेच तर चित्रात नाहीये आणि तुम्ही ते बघितलंत! तुमची कविता चित्र झाकूनही उभी राहील. माझी सूचना लेखी देतेय, पहिलं वाचन चित्राशिवाय, दुसरं चित्रासकट, गुण दोन्हीचे.

अनंत_फोंडा :
द्या, पण मी उलटं लिहून देणार, पहिलं वाचन चित्रासकटच. ज्यानं चित्र नीट बघितलं त्याची कविता आधी कळू दे. चित्राविना पहिल्यांदा वाचली की परीक्षक सफाईदार ओळींना भुलतात आणि ज्यानं कुत्र्याकडे तासभर बघून चारच ओळी लिहिल्या तो मागे पडतो.