कोळ्याला वगळू नका

वर एका ताईंनी लिहिलंय की मुलांच्या कीटक-चित्रप्रदर्शनात कोळी नको, कारण तो कीटकच नाही. मुद्दा खरा. कीटकाला सहा पाय, कोळ्याला आठ. पण म्हणूनच तो मुंगीशेजारी टांगायचा ना!

ठाण्यात आमच्या सोसायटीत गणपतीत असं छोटं प्रदर्शन केलं होतं. निम्म्या पोरांनी मुंगीचे पाय पोटाला चिकटवलेले. आम्ही दुरुस्त्या केल्या नाहीत, टेबलावर एक भिंग आणि मेलेलं झुरळ ठेवलं (आई-बाबांनी नाकं मुरडली, असो). सहाही पाय छातीतून निघतात हे पोरांनीच हुडकलं.

फुलपाखराचे नुसते पंख रंगवून घेऊ नका, अळीही काढायला लावा. ब्लू मॉर्मन हे २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू. लिंबाच्या पानावरची त्याची लहान अळी चक्क पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणजे खाणारे फिरकत नाहीत. हे ऐकून एका पठ्ठ्याने फक्त शीटच काढली!

चित्रांआधी घोडबंदर रोडला ओवळेकर वाडीच्या फुलपाखरू उद्यानात एक फेरी मारा. सकाळी कोवळं ऊन पडलं की लगेच जा. गारव्यात फुलपाखरं पंख शेकत बसतात, मुलांना स्केच काढायला तेवढी उसंत मिळते.