मुलांना स्कीइंगला न्यायचंय, गुलमर्गला किती खर्च येतो?

आम्ही पुण्याचे, मुलगी ८ वर्षांची आणि मुलगा १५ चा. फेब्रुवारीत जायचा विचार आहे पण एजंटने चौघांचे दीड लाख सांगितले आणि त्यात स्की भाडं, ट्रेनर काहीच नाही म्हणे!! खरंच एवढं लागतं का?

>> सगळ्यात मोठा खर्च विमानाचा, दोन वर्षांच्या वर पोरांना फुल तिकीट, त्यामुळे आधी श्रीनगरची तिकिटं काढा मग बाकीचं बघा. गोंडोलाच्या (तिथली केबल कार) मागे लागू नका, तिचा फेज टू म्हणजे दुसरा टप्पा अफरवटच्या डोंगरावर जवळजवळ ३९५० मीटरवर जातो, तिथला उतार नवशिक्यांचा नाहीच. पहिले दोन-तीन दिवस खालच्या साध्या उतारावरच जातात, मग तिकिटाचे पैसे कशाला घालवायचे.

>> +१. आणि जॅकेट वगैरे विकत घेऊ नका, मुलगा १५ चा म्हणजे पुढच्या वर्षी त्याला काहीच बसणार नाही (आमच्याकडे एक पँट तशीच पडून आहे, दोनदा घातलेली). तिथे सगळं भाड्याने मिळतं, फक्त हातमोजे आणि थर्मल इथून न्या. भाव आधी ठरवा, ट्रेनर तासावर की दिवसावर ते स्पष्ट विचारा, आम्ही नाही विचारलं आणि शेवटी भांडण.

>> मुलाला खरंच शिकायचं असेल तर तिथल्या सरकारी संस्थेचा, आयआयएसएमचा कोर्स बघा, रोज ट्रेनर लावण्यापेक्षा परवडतो. वयाची अट आधी विचारून घ्या. धाकटीला स्लेजवर बसवा, ती त्यातच खूश.