जुन्या फाँटमधील मराठी पीडीएफ स्क्रीन रीडरने वाचण्यासाठी मदत हवी आहे

मी पूर्णतः दृष्टिहीन असून विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरतो. युनिकोडमधील (अक्षरांच्या सर्वमान्य संगणकीय संकेतप्रणालीतील) मराठी व्यवस्थित ऐकू येते. मात्र माझ्याकडील काही पीडीएफ युनिकोडपूर्व फाँटमध्ये असल्यामुळे पडद्यावर मराठी दिसत असली, तरी कानावर निरर्थक इंग्रजी अक्षरेच पडतात. फाँट परिवर्तकांनी रूपांतर केल्यास रफार आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. पानांच्या प्रतिमा करून टेसरॅक्ट या प्रोग्रामची मराठी ओसीआर (प्रतिमेतील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणे) चालवल्यावर शब्द बरेच शुद्ध मिळतात (मला हाच मार्ग अधिक भरवशाचा वाटतो), परंतु पीएसएम (पानाची विभागणी कशी करावी हे ठरवणारा पर्याय) ३ या मूळ सेटिंगवर दोन स्तंभांच्या ओळी एकमेकींत मिसळतात. मजकूर गोपनीय असल्याने ऑनलाइन सेवा चालणार नाहीत आणि सर्व कृती कळफलकानेच करता यायला हव्यात. स्तंभांचा क्रम राखण्यासाठी टेसरॅक्टमध्ये कोणते सेटिंग ठेवावे, की प्रत्येक पान आधी उभे कापावे लागेल, आणि तसे असल्यास ते न पाहता कसे करावे?